सिग्नल आबांनी घातलेले कुलूप

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी सिग्नल आबांनी कराडजवळच्या मलकापुरातल्या आपल्या घरी बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, टॅबलेटला आतून कुलूप घातले. त्यानंतर तो सुरू झाला नाही. काकूंचा आवाज त्या टॅबलेटमध्ये होता. दुसरीकडे कुठेही नव्हता.

आबा सैन्याच्या सिग्नल शाखेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. गावाकडे ऊस होता, तो भाऊ पाहात असे. कराडला वार्ताहर असताना मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चार किल्ल्या दिल्या: फाटकाची, जिन्याची, खोलीची आणि पाण्याच्या टाकीची. टाकीला कुलूप कशाला, असे मी विचारले. "उघडं ऱ्हायलं त्ये आपलं न्हवं," आबा म्हणाले. सायकल फाटकाच्या आत असे आणि तरीही तिला साखळी असे. एकदा ते मंडईत जाताना सवयीने बाहेरून कुलूप लावून गेले आणि काकू घरात राहिल्या. परत आल्यावर काकू खिडकीतूनच म्हणाल्या, "आवं, मला बी मालखान्यात जमा केली व्हय?"

फोनवर बोलताना आबा वायरलेसच्या सवयीने प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणत. गॅसवाल्याशी, मेव्हण्याशी, बँकेतल्या मुलीशी, सगळ्यांशी. समोरचा गडबडून गप्प बसे आणि आबांना वाटे, लाईन गेली. गल्लीत त्यांचे खरे नाव कोणी घेत नसे.

यंत्र विकत घेतले की ते उघडून पाहायचे, हा त्यांचा नियम होता. टॅबलेट स्वस्तातला होता. कंपनीने आत भरून दिलेली, काढता न येणारी अॅप त्यात इतकी होती की नवा असतानाच तो धापा टाकत असे. "गड्या, तू माझा भाडेकरू. तुला मी भिंतीत मोळा ठोकू देतो का न्हाई?" त्यांनी मला विचारले. देता, असे मी म्हणालो. "मग हितं मी मालक आसून मला का ठोकू देत न्हाईत?" टॅबलेट सुरू होताना सर्वांत आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि आत कोणाला सोडायचे ते ठरवतो. त्याला बूटलोडर म्हणतात. आबांनी संगणकाला केबल लावून त्या बूटलोडरचे कुलूप काढले, टॅबलेट रूट केला, म्हणजे त्यावरचा पूर्ण ताबा घेतला, आणि नको ती अॅप काढून टाकली. कुलूप निघताना आतले सगळे आपोआप पुसले गेले. तेव्हा पुसण्यासारखे त्यात काही नव्हते.

पुढच्या वर्षी काकूंच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रियेची तारीख मिळाल्यावर आबांनी टॅबलेट काकूंच्या पुढे ठेवला. चित्रावर बोट ठेवले की भरलेले वाक्य ऐकू येईल, असा प्रोग्रॅम त्यात घातला होता. काकू पहिल्यांदा शाळेतल्यासारख्या बोलल्या, "मला पाणी हवे आहे." आबांनी ते पुसले.

"घरात आशी बोलतीस व्हय?"

"मग काय शिव्या बी भरू?"

"भर की. मला वळखू आलं पायजे."

काकू म्हसवडच्या, मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या. त्यांनी शिव्या भरल्या. मेंढरांना हाकायची आरोळी भरली आणि स्वतःच हसल्या. ते हसूही तसेच राहिले. भाजीवाल्यासाठी एक वाक्य भरले, "भाव नीट लाव रं, म्या मुकी हाय, येडी न्हाई." ते म्हणताना त्या मुक्या नव्हत्या. आबांसाठी होते, "ओव्हर झालं आसंल तर जेवाय या." शस्त्रक्रियेनंतर काकू दोन वर्षे या वाक्यांवर बोलल्या. मंडईत त्यांचा टॅबलेट बोलू लागला की आजूबाजूचे ऐकायला थांबत.

हे सगळे दुसरीकडे उतरवून ठेवा, असे मी आबांना सुचवले होते. सिग्नल शाखेत त्यांची उभी नोकरी गोपनीय संदेशांवर गेली होती. "दोन परती झाल्या की एक दुसऱ्याच्या हातात जाती," ते म्हणाले. इंटरनेटवर ठेवता येते, असे सांगितल्यावर ते चिडले. "बायकूचा आवाज लोकांच्या गोदामात ठिवू?"

कुलूप काढलेला टॅबलेट सुरू होताना दर वेळी पडद्यावर इंग्रजीत एक सूचना दाखवत असे: हे उपकरण उघडलेले आहे, ते विश्वासार्ह नाही. काही सेकंद ती राही आणि मग टॅबलेट चालू होई. काकूंना ती वाचता येत नव्हती. आबांना येत होती. "माझ्या घरातली वस्तू भरवशाची न्हाई म्हणं!" ते म्हणत. दिवाळीला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने ती मोठ्याने वाचली. पाहुणे गेल्यावरच्या रविवारी आबांनी केबल लावली आणि ती सूचना जावी म्हणून बूटलोडरला पुन्हा कुलूप घातले.

बदल केलेल्या टॅबलेटला असे कुलूप घालायचे नसते. कुलूप लागले की बूटलोडर आतली प्रत्येक गोष्ट कंपनीच्या मूळ खुणेशी ताडून पाहतो. आबांनी केलेले बदल त्या खुणेशी जुळले नाहीत आणि टॅबलेट कंपनीच्या चिन्हावर थांबला. कुलूप पुन्हा काढायचे तर त्याची परवानगी टॅबलेटच्याच सेटिंगमध्ये द्यावी लागते. तिथे पोचायला टॅबलेट सुरू व्हावा लागतो.

आबांनी खिडकीखाली टेबल मांडले. बटणे दाबून धरणे, केबल बदलणे, संगणकावरून आज्ञा देणे, असे ते सकाळपासून चाले. बूटलोडर उत्तर देत असे, पण प्रत्येक आज्ञेला एकच: परवानगी नाही. "हाय, जागा हाय त्यो," आबा मला सांगत. "फकस्त आयकत न्हाई."

माझ्या फोनवर मराठी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम होता. तो मी काकूंना दाखवला. फोनमधली बाई म्हणाली, "कृपया मला पाणी द्या." आबांनी टेबलावरून मान वर केली. "आमच्या घरात कृपया कोण म्हणत न्हाई," ते म्हणाले. काकूंनी फोन माझ्या हातात परत दिला. जेवायला बोलवायचे असले की त्या ताटावर वाटी आपटत. आबा "आलो" म्हणत आणि येत नसत.

फेब्रुवारीत आबांनी टॅबलेट साताऱ्याला नेला. मी सोबत होतो. स्टँडजवळच्या दुकानातल्या दुरुस्तीवाल्याने तो तपासला.

"आबा, कुलूप निघंल. माझ्याकडं त्याचं यंत्र हाय. पण निघताना सगळं पुसून निघंल."

"त्ये म्हायती हाय. न पुसता काढ."

"न पुसता निघत न्हाई. आन् आजून एक सांगू का? लय टॅबलेटांत कुलूप लावताना बी पुसतं. तुमी लावलं तवाच गेलं आसंल."

"उघडताना पुसतं, मान्य. लावताना कोण पुसतं रं?"

"ह्यात पुसत्यात. लावताना पडद्यावर इचारलं आसंल की."

"आसंल. त्या पडद्यावरच्या सूचनांला कट्टाळूनच तर बसलो हुतो."

आतली माहिती चिपमधून परस्पर काढता येईल का, हेही आबांनी विचारले. ती सांकेतिक रूपात असते, काढली तरी वाचता येणार नाही, असे उत्तर मिळाले. सांकेतिक म्हणजे काय, हे आबांना सांगावे लागले नाही.

"म्हंजे आत हाय का न्हाई, त्ये उघडल्याबिगार कळत न्हाई. आन् उघडलं की ऱ्हात न्हाई."

"व्हय."

"मग नगं उघडू."

मलकापूरला आल्यावर ते पुन्हा टेबलाशी बसले. गल्लीतल्यांचे बिघडलेले फोन दुरुस्तीला घेणे त्यांनी बंद केले. पेन्शनच्या कामाला ते गेले नाहीत. दाढी राहू लागली. सैन्यात गेल्यापासून ती एकदाही राहिली नव्हती, असे त्यांचे भाऊ सांगतात. कोणी विचारले तर ते म्हणत, "आत हाय ती. मी वाट काढतोय."

मे महिन्यात एका सकाळी काकू जिना चढून वर आल्या. हातात पिशवी होती आणि पिशवीत टॅबलेट. आबा गावाकडे भावाच्या पाण्याच्या पाळीसाठी गेले होते, काकूंनीच त्यांना पाठवले होते. मी काकूंबरोबर एसटीने साताऱ्याला गेलो. दुकानात त्यांनी काउंटरवरचा एक कागद ओढला आणि लिहिले, "उघडा."

"काकू, आत काय आसंल तर त्ये बी जाईल."

काकूंनी होकाराची मान हलवली.

"आबास्नी इचारलंय?"

त्यांनी माशी हाकलावी तसा हात केला आणि त्याच कागदावर खाली लिहिले, "त्ये टेबलावरनं उठत न्हाईत." दुरुस्तीवाल्याने कागद वाचला, माझ्याकडे पाहिले आणि केबल लावली. अर्ध्या तासात टॅबलेट सुरू झाला. पडद्यावर नव्या टॅबलेटसारखा पहिला प्रश्न आला: भाषा निवडा.

आबा संध्याकाळी परतले. काकूंनी टॅबलेट त्यांच्यासमोर ठेवला. पडदा पाहून त्यांनी आधी मला विचारले, "तू उघडलास?" काकूंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. आबांनी भाषा निवडली, पुढचे प्रश्न एकेक करून संपवले आणि ध्वनिमुद्रणांची जागा उघडली. तिथे काही नव्हते. त्यांनी ती बंद करून पुन्हा उघडली. काकू समोर बसून होत्या. मग आबांनी केबली गुंडाळल्या आणि टेबल भिंतीला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली.

जूनमध्ये माझी बदली सांगलीला झाली. निघताना काकूंनी म्हसवडची बाजरी बांधून दिली. आबा फाटकापर्यंत आले. काकू आता खुणांनी बोलतात, काही लिहितात. आबा वेळेवर जेवतात. टॅबलेट त्यांनी कोणाला दिला नाही आणि वापरतही नाहीत.

गेल्या रविवारी आबांचा फोन आला. सांगलीत पाऊस किती, खोली कशी, हे विचारून झाल्यावर ते म्हणाले, "त्या दिवशी साताऱ्यात उघडलं, तवा आत हुतं का रं?" आवाज दिवाळीला गेला की मे महिन्यात, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, असे मी त्यांना सांगितले. दुरुस्तीवाल्यालाही आपण हेच विचारले आणि त्यानेही हेच सांगितले, असे ते म्हणाले.