सूर्य आमच्या शिवारात येणार नव्हता

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जून लागला होता आणि माझा मोठा भाऊ न कळवता शहरात, नंदनवन भागातल्या आमच्या घरी आला. दादा काटोलकडच्या गावी शेती करायचा. पेरणीच्या तोंडावर तो कधी गाव सोडत नसे, म्हणून दारात त्याला पाहताच मी आधी घरची खुशाली विचारली. घरी सगळे बरे आहेत, म्हणाला. चहाची बशी त्यानं तशीच बाजूला ठेवली. मग खिशातून वर्तमानपत्राचं पान काढलं.

"बाई, हे वाच. तू तं कॉलेजात हेच शिकवते ना?"

लेख फ्यूजनवर होता. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकमेकांत मिसळतात आणि त्यातून प्रचंड उष्णता निघते. तेच आता माणूस जमिनीवर करणार, पाण्यातून वीज काढणार, ना कोळसा ना धूर, असं लिहिलं होतं. असं केंद्र देशाच्या मधोमध व्हावं, असंही लेखकाला वाटत होतं.

"मागच्या हप्त्यात दोन मानसं तिपाई घेऊन आपल्या वावरातून मोजून गेली," दादा म्हणाला. "काहून मोजता म्हटलं तं काही सांगत नव्हती. मंग हे छापून आलं. सारं गाव म्हनून राहिलं, का अणुभट्टी आपल्याच शिवारात येते."

"मंग तू काय केलं?"

"काय करतो? संत्र्याच्या कलमांसाठी खड्डे करून ठेवले होते, ते तसेच पडले आहेत. पाच-सहा वर्षं झाडाले जीव लावाचा, अन् फळ धरलं का जमीन जाईल. मले झोप नाही वं."

फ्यूजन हा माझा लाडका विषय. मी शिकत होते तेव्हा आमचे सर फळ्यावर सूर्य काढून सांगत, वीस वर्षांत हे होणार. पुढे मी शिकवायला लागले आणि मीही मुलींना वीस वर्षंच सांगत आले. ऐकताना त्यांचे डोळे चमकत, मलाही बरं वाटे. पण समोर दादा बसला होता आणि त्याला खड्ड्यांचं काय करायचं ते ठरवायचं होतं. त्याला वर्गातलं उत्तर देऊन भागणार नव्हतं.

मी त्याला सरळ सांगितलं. हे अणू जुळवायला कोट्यवधी अंशांची उष्णता लागते. तेवढी उष्णता धरून ठेवेल असं भांडं कोणत्याच धातूचं होत नाही. म्हणून तो तापलेला वायू लोहचुंबकाच्या जोरावर अधांतरी धरायचा, आणि तो क्षणात निसटतो. एवढं करून जितकी वीज खर्च होते तितकीही परत मिळत नाही.

"म्हंजे चूल पेटवाले गाडीभर लाकडं, अन् भाकर एकही नाही?"

"आत्ता तरी तसंच हाय."

"अमेरिकेत चालू असन ना?"

"नाही. प्रयोगच चालू आहेत."

"रशियात?"

"तिथंही नाही. कुठंच नाही, दादा."

"मंग होईन कधी?"

वीस वर्षं ओठावर आली होती. मी ती गिळली. "मले मालूम नाही. आपल्या हयातीत होईन असं मले वाटत नाही."

दादाचे खांदे सैल झाले. त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि आणखी मागितला.

पण मोजणारी माणसं खरी होती. ती फ्यूजनसाठी आली नव्हती एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकत होते. "कशासाठी आली होती ते इचारू," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही एस.टी.नं तालुक्याला गेलो. दोन कचेऱ्या हिंडल्यावर वीज खात्याच्या इंजिनियरनं नकाशा पसरला. विहिरींवरच्या मोटारींसाठी नवीन लाइन ओढायची होती, त्याची ती मोजणी. आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, फक्त एक खांब येणार होता.

"जमीन घेत नाही ना?" दादानं फिरून फिरून विचारलं.

"नाही हो काका. खांबापुरती जागा."

बाहेर येऊन दादा पायरीवर बसला आणि हसायला लागला. त्याचं पाहून मलाही हसू आवरेना. येणारे-जाणारे आमच्याकडे बघत होते.

तिथून आम्ही गावी गेलो. संध्याकाळी लोक पारावर जमले. मी तेच पुन्हा सांगितलं. बायांनी हुश्श केलं. शेजारच्या काकांचा चेहरा तेवढा उतरला. भट्टी आली तर आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील, असं त्यांनी धरलं होतं. "तं तो सूर्य येत नाही म्हनते," ते उठता उठता म्हणाले.

आठवडाभरात दादानं कलमं लावली. खांब पुढच्या वर्षी आला, मोटार चालली. वीज कोळशाचीच होती आणि हवी तेव्हा नसायची. बाग मात्र धरली.

त्याच वर्षी कॉलेज सुरू झालं तेव्हा तो धडा मी वेगळा शिकवला. कधी होईल ते मला माहीत नाही, म्हटलं, आणि कुठे अडलंय ते फळ्यावर मांडलं. एवढं मोकळं मला त्या वर्गात कधी वाटलं नव्हतं. मुली हिरमुसतील अशी भीती होती. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, चुंबक असा गोल लावला तर?" दुसरी म्हणाली, तसं केलं तर वायू कडेनं सुटेल. तास संपल्याची घंटा झाली तरी त्या दोघी खडू घेऊन फळ्यापाशी भांडत होत्या.