मालकांच्या घड्याळाचं मशीन

घड्याळाची फिर्याद मी सगळ्या नोकरीत एकदाच घेतली, पण ती काही केल्या विसरता येत नाही. हिंगोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, आमचे कागद परभणीला जात. आखाडा बाळापूरच्या भागात मी उपनिरीक्षक होतो. नावं कुणाचीच सांगत नाही. माणसं अजून तिथंच आहेत.

बाजाराच्या दिवशी ठाण्यात काय येणार हे ठरलेलं असे. कापलेला खिसा, हरवलेली शेळी, दारू पिऊन केलेली मारामारी. त्या दिवशी मात्र जवळच्या गावचे एक मोठे जमीनदार आले. त्यांना सगळेच 'मालक' म्हणत. मागं गावची माणसं, आणि त्यांनी दंडाला धरून आणलेला बाजारातला घड्याळजी.

"लिवा साहेब," मालक गरजले, "ह्यानं आमच्या घड्याळाचं काळीज चोरलं!"

घड्याळ परदेशी, खिशातलं, सोन्याच्या केसचं. निजामाच्या राजवटीत एका अंमलदारानं मालकांच्या वडिलांना ते भेट दिलेलं. दिवाळीत मालकांनी ते तेलपाणी करायला या घड्याळजीकडं दिलं होतं. पुढं हैदराबादचा एक व्यापारी जुनी घड्याळं बघत गावात आला. त्यानं मालकांच्या ओसरीवर बसून घड्याळ उघडलं, डोळ्याला भिंग लावून तपासलं आणि सांगितलं, की केस असली, तबकडी असली, काटेही असली, पण आतलं मशीन भलतंच आहे. कुणीतरी बदललंय.

व्यापाऱ्याच्या आधी घड्याळजीशिवाय दुसऱ्या कुणी ते उघडलं नव्हतं. मालकांचा हिशोब सरळ होता.

घड्याळजी गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "साहेब, मी तेल घातलं, पुसलं, वापस दिलं! ह्यांच्या माणसांनी दुकानाला माझ्या कुलूप ठोकलं. गिऱ्हाईक येऊन पाहून राहिलं, चोर म्हणून राहिलं. पोरीची सोयरीक ठरली हाय, ते पाव्हणे काय म्हणतील?" एवढं बोलून तो रडायलाच लागला.

मी त्याला बाकावर बसवून खोदून खोदून विचारलं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगतो. हा दर वेळी वेगळीच शिवी घालून सांगत होता. माझं मन त्याच्या बाजूनं झुकलं, पण मनाचा पंचनामा होत नाही.

दुसऱ्या दिवशी जमादारांना घेऊन मी मालकांच्या घरी गेलो. विचारलं, "व्यापारी तपासत होता तेव्हा जवळ कोण होतं?"

"कुणीच न्हाई," मालक म्हणाले. "श्वासाची वाफ लागली तर मशीन खराब होते म्हणला. मीच समद्यांना अंगणात बसवलं."

जमादारांनी माझ्याकडं पाहिलं.

"घड्याळजीकडून आल्यावर घड्याळात काही फरक वाटला?"

"कशाचा फरक? आमचं घड्याळ कायम बराबर चालतं. आधीबी, आताबी."

अंगणात जमलेली गावची माणसं एकदम जमिनीकडं पाहू लागली. एकजण उगाच चपलेचा अंगठा तपासू लागला. आणि आतल्या दारातून मालकीणबाईंचा आवाज आला.

"साहेब, एक बोलू का?"

"बोला ना, काकू."

"ते घड्याळ बराबर नव्हतं कधी. लई पुढं पळायचं. हे आंघोळीला गेले की मी रोज काटे मागं घ्यायची. लग्न झालं तवापासून."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. "आमचं घड्याळ? पुढं? अन् मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगणार कोण? एकदा गडी बोलला, तर त्याला तुमी कामावरून काढून टाकलं. घड्याळजीकडून आलं तरी खोड तशीच होती. तो हैदराबादवाला येऊन गेला, तवापासून काटे मागं घ्यायची गरजच पडून न्हाई राहिली."

अंगणात कुणीतरी हसू दाबताना खोकला. मी जबाब लिहून घेतला. घड्याळ सुधारलं म्हणून चोरी उघडकीला येण्याचा प्रकार आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

बसस्टँडवरचा चहावाला माझा खबऱ्या होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "हैदराबादवाला? लॉजवरच हाय की. रोज विचारून राहिला, मालकाचा राग उतरला का म्हणून. राग उतरला की नुसती केस स्वस्तात घेतो म्हणतो."

लॉजवर झडती घेतली, तर व्यापाऱ्याच्या बॅगेत मखमलीत गुंडाळलेली एकसारखी मशीनं निघाली. ठाण्यात आणलं तरी तो बिनघोर होता. "साब, ये सब एकीच कंपनी का माल है. इसमें मालक का कौनसा, तुमीच बोलो."

तो खरं बोलत होता. आम्हाला सगळी सारखीच दिसत होती.

मग पंचांसमोर आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांदेखत घड्याळजीनं त्या मशीनांना आपल्याकडच्या जुन्या तबकड्या आणि काटे बसवले. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा सगळी एकदम मिळवून टेबलावर मांडली. त्या दिवशी ठाण्यात कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. शेळी हरवलेला म्हातारासुद्धा शेळी सोडून टेबलापाशी उभा राहिला. दुपारपर्यंत बाकीची जवळपास बरोबर चालली होती. कोपऱ्यातलं एक मात्र कुणाला न जुमानता पुढं निघालं होतं.

"सुटलं!" जमादार शर्यत बघितल्यासारखे ओरडले.

मालक खुर्चीतून उठले. छाती फुगवून म्हणाले, "हेच! हेच आमचं!" आयुष्यभर ज्या चुकीचा पत्ता नव्हता, तिचाच त्यांना आता अभिमान झाला होता.

व्यापाऱ्यानं पाणी मागितलं आणि पाणी पिऊन कबुली दिली. ओसरीवरच त्यानं मशीन बदललं होतं. तेवढ्यावर गपचूप निघून गेला असता, तर कधीच सापडला नसता. पण मशीन नकली ठरवून वरचं सोनंही स्वस्तात घ्यायचं त्याच्या मनात आलं.

घड्याळजीच्या दुकानाचं कुलूप मालकांनी भर बाजारात स्वतःच्या हातानं काढलं. तोंडानं माफी मागणं त्यांना जमलं नाही. दुकानासमोर खुर्ची टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील असे ते दुपारभर बसून राहिले. पोरीची सोयरीक टिकली, आणि लग्नात पाव्हण्यांच्या स्वागताला मालक सगळ्यांत पुढं होते.

कोर्टाच्या हुकमानं घड्याळ परत मिळालं. असली मशीन आत बसवताना घड्याळजी म्हणाला, "मालक, आतला चालीचा काटा जरासा फिरवला की ह्याची चाल बराबर होईल. करू का?"

मालकांनी शेजारी उभ्या असलेल्या मालकीणबाईंकडं पाहिलं. "राहू द्या," ते म्हणाले. "आता मीच मागं घेत जाईन."

त्यानंतर चोरीचा माल ओळखताना मी फिर्यादीला किंमत आणि रंग तर विचारायचोच, पण आधी विचारायचो, "त्यात खोड काय होती?" शिलाई मशीन असो की सायकल, चांगल्या वस्तू सगळ्या एकमेकींसारख्या असतात. खोड ज्याची त्याची असते, आणि ती घरच्या माणसालाच ठाऊक असते. फक्त विचारताना घरधन्याला जरा बाहेर चहाला पाठवावं, म्हणजे जबाब खरा मिळतो.