पापणीवरचा हात

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. भीती वाटते म्हणून नाही, कंटाळा येतो. तोच पिंपळ, तीच पांढरी साडी, तेच उलटे पाय… अरे, काहीतरी नवीन सांगा ना! त्यामुळे हे लिहिताना मलाच माझं हसू येतंय. पण जे झालं ते झालं, आणि तेही भर दुपारी – नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, आणि मग एका ऑपरेशन थिएटरच्या झगझगीत उजेडात.

मी मिहानच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत रात्रपाळी करते. चाळिशीनंतर माझ्या पापण्या लोंबायला लागल्या होत्या. व्हिडिओ कॉलवर जो तो विचारायचा, "मॅडम, तब्येत बरी नाही का?" डोकं सटकायचं माझं! शेवटी एका ब्यूटी क्लिनिकमध्ये वरच्या पापण्यांची जास्तीची कातडी काढून घेतली. "कुछ नहीं मॅडम, लंच टाइम का काम है," असं तिथला माणूस म्हणाला होता. काम लंच टाइममध्येच झालं, आणि तसंच घाईघाईचं झालं. डावी पापणी ठीक. उजवीची कातडी मात्र इतकी कापली की डोळा पूर्ण मिटेचना. गाढ झोपेतही उजव्या डोळ्यात फट उघडी राहायची.

आई माझ्याकडेच असते. तिने मला पहिल्यांदा तसं झोपलेलं पाहिलं तेव्हा तिच्या हातातून कपबशी पडली. "अवं, अशी काय झोपते तू… जीव गेला ना माहा!"

मग खऱ्या डॉक्टरांकडे गेले. पापण्यांच्याच सर्जन, मध्यम वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, "बुबुळ कोरडं पडतंय. जखम झाली तर नजर जाऊ शकते. कानामागची कातडी घेऊन पापणीला जोडावी लागेल, पण आधीचा व्रण मऊ होईपर्यंत थांबू." तोवर मलम घालायचं, डोळ्यावर टेप लावून झोपायचं आणि कूलर तोंडावर घ्यायचा नाही. मे महिन्यात नागपुरात दिवसा झोपणाऱ्या बाईला सांगताहेत, कूलर नको म्हणून! पण डोळा माझा होता. घेतला कूलर पायांकडे.

त्या दुपारी घामाने टेप सुटली असणार. मी झोपेत होते आणि कपाळावर कोणाचा तरी तळहात आला. तो हळूहळू खाली सरकला आणि उजव्या पापणीवर थांबला. मग त्याने पापणी खाली दाबली… जोर लावून. व्रण ताणला गेला, कळ मस्तकात गेली. मला वाटलं, आईच आहे, पुन्हा टेप लावून राहिली. "आई, दुखतं ना!" म्हणून ओरडत उठले. खोलीत कोणी नव्हतं. आई खालच्या मजल्यावर भिशीला गेली होती, आणि जाताना बाहेरून कुलूप लावून गेली होती.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, अर्धवट झोपेत असे भास होतात. पटलं मला. पटवून घेतलं म्हणा. पण जेव्हा जेव्हा टेप सुटली, तेव्हा तो हात आला. मला झोपायचीच धास्ती बसली. कामावर चुका व्हायला लागल्या, डोळा लाल राहायला लागला.

आणि मग एकदा हाताबरोबर आवाजही आला. अगदी कानाशी, बायकी, दमलेला आवाज. "झालं वं तुयं… मीट आता."

मी ताडकन उठून बसले. बाहेर रस्ता तापलेला, अन् मी चादर ओढून बसलेली! कारण तो आवाज मी ओळखला होता.

शांतामावशी म्हणजे आईची मोठी बहीण. पारशिवनीकडच्या एका खेड्यात राहायची, मागच्या वर्षी गेली. त्या गावात कोणी गेलं की आधी मावशीला बोलावणं यायचं. मेलेल्याचे डोळे मिटायला घरच्यांचे हात धजत नाहीत ना. मावशी कपाळावरून तळहात खाली आणायची, पापण्यांवर ठेवायची आणि त्या बसेपर्यंत उचलायची नाही. "झालं तुयं, मीट आता," असं त्या माणसाशी हळूच बोलायची. माझे बाबा गेले तेव्हा मी बाजूलाच बसले होते.

म्हणजे मावशी मला मेलेली समजत होती.

हे आईला सांगायची सोय नव्हती, तिने ऑपरेशनच रद्द करायला लावलं असतं. डॉक्टरांना काय सांगणार? ठरल्या तारखेला जाऊन टेबलवर आडवी झाले.

हे ऑपरेशन जागं ठेवून करतात. फक्त उजवी पापणी सुन्न केली. मॅडम म्हणाल्या, "मी सांगेन तेव्हा उघडायचं, सांगेन तेव्हा मिटायचं. त्यावरूनच मला माप कळणार, म्हणून झोपायचं नाही." कातडी बसवून काही टाके घातले आणि त्या म्हणाल्या, "हं, आता दोन्ही डोळे उघडा."

उघडेनात.

तळहात होता. दोन्ही डोळ्यांवर, आडवा, घट्ट.

"उघडा ताई. वर बघा." मी जीव खाऊन प्रयत्न करत होते. मशीनची टिकटिक वाढली. "डावा काहून उघडत नाहीये?" मॅडम सहायकाला म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "डाव्याला तर आपण हातही नाही लावला… ताई, माप न बघता मी पुढे जाऊ शकत नाही. पापणी पुन्हा आखूड राहील. ऐकताय ना?"

ऐकत होते हो! पण कानाशी दुसरंही कोणी बोलत होतं. "मीट वं बाई… झालं तुयं."

भीती संपते आणि चीड येते, तसं काहीतरी झालं माझं. एवढे महिने तो डोळा तळहातावरच्या फोडासारखा जपला होता मी! थिएटरमध्ये सगळ्यांसमोर ओरडले, "मावशी, मी मेली नाही वं! जित्ती आहो मी! डोयाचं ऑपरेशन चालू आहे, काहून मिटून राहिली?"

हात थबकला. मग तो पापण्यांवरून नाकाखाली सरकला आणि तिथे थांबला. माझा श्वास त्याच्यावर आपटून परत येत होता, मला जाणवत होतं. ती श्वास बघत होती माझा… तिला खात्री करून घ्यायची होती. मी मुद्दाम मोठमोठे श्वास घेतले. घेता घेता रडायलाच लागले.

हात उचलला गेला आणि डोळे फट्टकन उघडले. समोर मॅडमचा मास्क आणि घाबरलेले डोळे.

"कोणाशी बोलत होत्या?" त्यांनी विचारलं. पण उत्तराची वाट न बघता त्यांनी माप बघितलं आणि काम पूर्ण केलं. डोळा वाचला. आता मी डोळे अगदी पूर्ण मिटून झोपते, आणि कोणी येत नाही. डावा डोळा का उघडला नाही, हे मी नंतर मॅडमना विचारलं. "टेन्शनने होत असेल," म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

टाके निघाल्यावर आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, घाबरेल, पूजा घाल म्हणेल. तिने एवढंच विचारलं, "हात थंडा होता का गं तिचा?"

"नाही. गरम होता."

आईने चष्मा काढून पदराने पुसला. मग माझ्यावर चिडल्यासारखी म्हणाली, "मंग माह्याकडे काहून नाही आली ते? मी तर रोजच वाट पाहून राहिली."