लांबचं विद्यापीठ

बारावीनंतर मला दोन कृषी विद्यापीठांकडून प्रवेशाचं बोलावणं आलं, आणि त्या दोहोंतला फरक काही केल्या आमच्या घरात कुणाला सांगता येईना. पदवी तीच, विषय तेच, वर्षंही तेवढीच. दोन्ही माहितीपुस्तकांच्या मुखपृष्ठावर लाल ट्रॅक्टर होता आणि तो चालवणारा मुलगासुद्धा मला एकच वाटायचा. फरक होता तो फक्त रस्त्याचा. एका विद्यापीठात नाशिकहून सकाळच्या एस.टी.ने निघालं की जेवायच्या वेळेला पोहोचता यायचं. दुसरं पार विदर्भाकडे, रात्रभराच्या प्रवासावर.

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. शहराला लागून आमचा मळा होता. मोगरा, झेंडू, मेथी, कोथिंबीर, जे पहाटे तोडून सकाळी बाजारात नेता येईल ते सगळं. मी एकुलती एक. आईच्या हृदयाची झडप खराब होती. विहिरीपासून घरापर्यंत येताना ती मध्येच लिंबाला टेकून उभी राहायची आणि कुणी पाहिलं की पदर सारखा करत असल्याचं दाखवायची.

त्यामुळे निर्णय जवळजवळ झालेलाच होता. आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ, आमचे तात्या, ओट्यावर बसून म्हणाले, "दोन्ही सारखेच हायेत ना? मग जवळचं सोडून लांब कशाला तडमडायचं? शनिवारी आली, दोन दिवस आईचं केलं, सोमवारी गेली. झालं की!"

मला तात्यांचा संताप यायचा, कारण त्यांचं म्हणणं खोडता येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मुलीला त्यांनी असंच जवळच्या कॉलेजात घातलं होतं. शनिवारी येता येता ती बुधवारीही येऊ लागली. दसऱ्याला झेंडूची तोड आली म्हणून राहिली, मग लग्नसराईत हारांचं काम आलं, आणि पुढच्या लग्नसराईत तिचंच लग्न झालं. कुणी तिला शिक्षण सोड म्हटलं नव्हतं. ते आपोआप सुटलं.

मला लांबचं विद्यापीठ हवं होतं. आजारी आई घरात असताना असं वाटणं मला बरोबर वाटत नव्हतं, तरी वाटत होतं. मी तोंडातून शब्द काढला नाही. आप्पा तसे कमीच बोलायचे.

आईच शेवटी म्हणाली, "देवीला इचारू."

मळ्याच्या बांधावर आमची देवी होती, शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा तांदळा, डोकं-खांद्यांचा नुसता आकार असलेला दगड. अडलं की तिला कौल लावायचा ही आमच्याकडची रीत. विहीर कुठे खणायची, बैल घ्यायचा की नाही, सगळं तिला विचारून व्हायचं. दोन कळ्या पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायच्या, आणि आधी कुठली पडते ते पाहायचं. कळ्या लावायचं काम आप्पांचं. आईने ठरवून दिलं, उजव्या खांद्याची पडली तर जवळचं विद्यापीठ, डाव्या खांद्याची पडली तर लांबचं.

मोगऱ्याचा बहर सरत आला होता. आई तांब्या घेऊन पुढे बसली, तात्या आणि काकू मागे उभे. मी आईच्या अगदी बाजूला होते, म्हणून मला दिसलं. तिने तांब्यातून पहिली कळी काढली आणि पाणी निथळत असतानाच आप्पांच्या उजव्या हातात दिली. दुसरी काढली, मुठीत घेतली, आणि घाम टिपावा तसा पदर हातावरून फिरवला. मूठ उघडली तेव्हा कळी कोरडी होती. ती तिने आप्पांच्या डाव्या हातात ठेवली.

आप्पांना एक सवय होती. कुठलंही फूल हातात आलं की ते अंगठ्याने हलकेच चाचपायचे. बाजारात ओल्या मालाचं वजन वाढतं, त्यामुळे ही सवय. त्यांनी त्या कळीवरूनही अंगठा फिरवला आणि मग ती देवीच्या डाव्या खांद्याला लावली. आम्ही हात जोडतोय तोवर ती खाली पडली होती.

"डावं दिलं," तात्या म्हणाले. देवीपुढे त्यांचंही काही चालत नव्हतं.

मी आईकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती आणि धाप लागल्यासारखी श्वास घेत होती. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची भीतीही वाटली.

मी गेले. सुट्टीला यायचे तेव्हा आई दर वेळी थोडी बारीक झालेली असायची. दिवाळीनंतर मी दोन दिवस जास्त राहते म्हटलं तर म्हणायची, "झेंडू काय तुझ्यावाचून अडलाय व्हय?" आणि माझी पिशवी स्वतः भरून दाराशी ठेवायची. त्या पदराबद्दल मी कधी विचारलं नाही, तिनेही कधी विषय काढला नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत रेक्टरच्या खोलीत फोन आला. मी रात्रभर गाडीत बसून दुसऱ्या दिवशी घरी पोहोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. ओट्यावर बायका होत्या, चूल थंड होती. मला तात्यांचा राग आला नाही, देवीचाही नाही. आईचा आला. तिने मला एवढ्या लांब पाठवलं नसतं तर मला तिचं तोंड दिसलं असतं. त्या रागाने मला धड रडूही दिलं नाही.

दहाव्याला आम्ही गंगेवर गेलो. नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहू लागले. तिथले कावळे पोटभर जेवलेले, त्यांना कसली घाई! बराच वेळ गेला. मग कुजबुज सुरू झाली, तिची इच्छा राहिली असेल, पोरीत जीव अडकला असेल.

तात्या पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, "पोरीला आम्ही परत आणतो. जवळच्या विद्यापीठात घालतो. आप्पाला भाकरी करून घालायला घरात कुणी पायजे, आम्हाला कळतंय." तात्या वाईट नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. कावळे झाडावर बसून राहिले, आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हो म्हणावं म्हणून.

मी हो म्हणणारही होते.

तेवढ्यात आप्पा उठले. ओलं धोतर, नुकतंच मुंडण केलेलं डोकं. पिंडासमोर गेले आणि रोज विहिरीवर बोलायचे तशा आवाजात आईला म्हणाले, "पोरगी तिथंच शिकल. तू धाडलीस तिथंच."

"देवीनं धाडली म्हण," तात्यांनी मागून दुरुस्त केलं.

आप्पा हात मागे बांधून उभे राहिले. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा बोटांवरून हलकेच फिरत होता. हातात काहीच नव्हतं. त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि कळूनही त्यांनी ती कळी लावली होती. मला तिथे रडू फुटलं, दहा दिवसांत पहिल्यांदा.

मागे लोक "शिवला, शिवला" म्हणाले. कावळा कधी आला ते मी पाहिलं नाही.

तेरावं झाल्यावर आप्पांनी मला एस.टी.त बसवून दिलं. खिडकीच्या गजाला धरून मी विचारलं, "जेवणाचं काय कराल?"

"भाकरी येती मला," ते म्हणाले.

येत नव्हती.