पट्ट्यावरची जाळी

धरणगावच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी आणि माझी मोठी जाऊ मशीनमध्ये कापूस घालायचो. दसऱ्याला मशीनच्या चाकाला हळदीकुंकू वाहायचं म्हणून मालकांनी चाकाच्या पट्ट्यावरची, हात अडकू नये म्हणून बसवलेली लोखंडी जाळी काढायला लावली. पूजा झाली, जाळी परत काही बसली नाही. आम्ही सांगून थकलो.

दिवाळीनंतर जाऊबाईंचा हात त्या पट्ट्यात ओढला गेला आणि कोपरापासून तुटला. त्यांना दवाखान्यात नेल्यावर मालक आले. आल्याआल्या त्यांनी नारळ मागवला.

"जाऊबाईंचं काय?" मी विचारलं.

"मशीन कोपलंय. त्याला मी काय करणार?"

भिंतीला टेकवलेली ती जाळी नारळ फोडताना आड येत होती. मालकांनी स्वतःच्या हातानं ती बाजूला सरकवली.