चावलेला घास

कॉलेजात असताना मी किडकी दाढ दाखवायला ठाण्यातल्या एका दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाकावर शेजारी खाडीकाठची एक कोळीण बसली होती. मांडीवर दोन-तीन वर्षांची मुलगी. तिच्या पुढच्या दातांचे काळे खुंट उरलेले. बाई भाकरीचा तुकडा आधी स्वतः चावायची, मग मुलीला भरवायची. माझ्या आईनेही मला असंच भरवलं होतं.

डॉक्टरांनी मुलीला तपासलं आणि म्हणाले, "बाई, आता तुम्ही तोंड उघडा."

"दात पोरीचं दुखतान, नि माजं तोंड कनाला बगता?"

डॉक्टरांनी तिच्या दाढा पाहिल्या. "तुमच्या दातांची कीड उष्ट्या घासातून हिला लागते. तुमच्या दाढा काढायला हव्यात."

तिने तोंडाला पदर लावून विचार केला. "काढा. पन मंग हिला चावून कोन देल?"

डॉक्टर हात धुवायला गेले.

"भाव, हिला धर जरा," म्हणत तिने मुलगी आणि उरलेली भाकरी माझ्याकडे दिली आणि ती खुर्चीत जाऊन बसली. मुलीने एक तुकडा उचलून माझ्या तोंडापुढे धरला. मी तो माठातल्या पाण्यात भिजवून तिला दिला. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने नाइलाजाने खाल्ला.