चूलबंद आवतण

आमच्याकडे जेवायला बोलावण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक माणशी एक, म्हणजे घरातून एकाने यायचं. दुसरी चूलबंद, म्हणजे त्या वेळेला त्या घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडेच जेवायचं. आता चुली कुठे राहिल्यात, घरोघरी गॅस आहे, पण शब्द तोच चालतो. शिवाय नुसतं आवतण देऊन भागत नाही. पानं मांडायची वेळ झाली की घरातल्या कोणीतरी जाऊन पुन्हा बोलवायचं. हे बलावणं आल्याशिवाय मानाचा माणूस जागचा उठत नाही. हे सगळं मला माहीत होतं. एकतीस वर्षं या घरात काढल्यावर माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

मागच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत मुलगा आणि सून पुण्याहून आले होते. आमच्या पांढुर्ण्याच्या घरामागे माझी बाग आहे, आणि त्या साली ती नुसती उतू चालली होती. वांगी रोज टोपलीभर निघायची, फुकट दिली तरी शेजारी घेईनात. कुंपणाच्या तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. मुळे, मेथी, लसणाची पात आणि सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, पुण्याचे लोक हसतात, हसोत बापडे. दोन झाडांना संत्री लगडली होती. सुनेनं आमच्याकडचे रोडगे कधी खाल्ले नव्हते. तेव्हा रविवारी संध्याकाळी बागेतच रोडग्यांचं जेवण करायचं ठरवलं. मी शिकवते त्या शाळेतल्या तिघी जणी आणि त्यांची घरची मंडळी, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघे, असे पंधराएक लोक होत होते.

हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण माझी मोठी जाऊ.

ती आणि माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, जाम नदीच्या पलीकडे सावरगावात राहायचे. आमच्या घरापासून पूल ओलांडून पंधरा मिनिटांची वाट. भासऱ्यांचे गुडघे गेले होते आणि त्यांचा मुलगा सोमवारी सकाळी दोघांना कायमचं जबलपूरला नेणार होता. घराला कुलूप लागणार होतं. जावेचं आणि माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. ती जायच्या आधी एकदा माझ्या बागेत बसून जेवावी, एवढंच मला हवं होतं. पण तिनं आपणहून यावं, मी बोलावल्यामुळे नव्हे, असंही हवं होतं. माणसाला एका वेळी एवढं सगळं मिळत नाही.

मी सौंसरची, मास्तराच्या घरची. लग्न होऊन आले तेव्हा मला धड कणीक भिजवता येत नव्हती. जावेनं शिकवली. रोडगे तिनंच शिकवले. जाडसर दळलेल्या गव्हाच्या तीन-चार छोट्या पोळ्या एकात एक बंद करून गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा, मग गरम राखेत पुरून ठेवायचा. माझे पहिले रोडगे आतून कच्चे राहिले होते, तिनं ते गपचूप स्वतःच्या पानात घेतले आणि खाल्ले. मी बीएड करत होते ते वर्षभर माझं पोर तिच्याच कडेवर असायचं. नोकरी लागल्यावर आम्ही इकडे प्लॉट घेतला, तेव्हा वांग्याची पहिली रोपं तिनं डोक्यावर पाटीत घालून पायी आणली होती. मी तिला बाई म्हणायची, ती मला लहानी.

मग मुलाचं लग्न आलं. आमच्या घरात नवरदेवाला पहिली हळद थोरल्या काकीनं लावायची. त्या सकाळी ती जामसावळीच्या मारुतीपुढे याच लग्नाची पत्रिका ठेवायला गेली होती, मीच पाठवलं होतं. परतताना गाडी मिळाली नाही. इकडे भटजी घाई करायला लागले. अर्धा तास थांबता आलं असतं. पण सौंसरची माझी सख्खी बहीण शेजारीच हळदीची वाटी धरून उभी होती, आणि तिनं लावावी असं मला मनातून वाटत होतंच. मी तिला म्हटलं, लाव. बाई आली तेव्हा मुलगा नखशिखांत पिवळा झाला होता. तिनं त्याच्या हातात प्रसाद दिला, कोपऱ्यात बसून लग्न पाहिलं आणि संध्याकाळी न जेवता घरी गेली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात. डोकी फुटतात, आणि त्याच डोक्याला पट्टी बांधून लोक त्याच आठवड्यात पूल ओलांडून बाजाराला येतात. आम्ही दोघींनी एकमेकींना गोटा मारला नव्हता, म्हणून आमचं मिटलं नाही. ती एक शब्द भांडली असती तर मी दहा शब्द बोलून माफी मागितली असती. तिच्या त्या गप्प बसण्याचा मला भयंकर राग होता. अजूनही आहे.

आवतण द्यायला मी स्वतः जायला हवं होतं. मी शुक्रवारी फोन केला. भासऱ्यांनी उचलला, स्पीकरवर. म्हटलं, "रविवारी सांजेला बागेत रोडगे आहेत, भाऊजी."

त्यांनी जुन्या रीतीप्रमाणे विचारलं, "चूलबंद हाय का मानशी एक?"

मागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. ती ऐकते आहे हे मला कळलं. एक शब्द होता तो, चूलबंद. मी म्हटलं, "ज्याला यायचं त्यानं यावं, भाऊजी. मी काय सांगणार?"

 ते "बरं" म्हणाले.

रविवारी मी दुपारपासून राबले. तीस-पस्तीस वांगी चिरली, सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे सोलले, पाट्यावर मिरची-लसूण वाटून मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात भाजी रटरटत ठेवली. नवऱ्यानं बागेच्या कोपऱ्यात गोवऱ्या रचल्या. ऊन उतरलं तशी थंडी पडली आणि धूर जमिनीलगत पसरला. पाहुणे आले, मुळ्याच्या चकत्या आणि संत्री खात हिंडू लागले, वांग्यांचे फोटो काढू लागले. मी सगळ्यांशी हसून बोलत होते आणि एक डोळा फाटकावर होता.

पावणेसातला भासरे आले. काठी टेकत, एकटे.

मी विचारलं, "बाई?"

"घरीच हाय," ते म्हणाले. "ओट्यावर बसून राहिली." आणि माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

ओट्यावर बसायला वेळ आहे, यायला नाही, असं माझ्या मनात आलं आणि अंगाचा भडका उडाला. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत लगेच. आणखी काही बोलतील असं वाटलं, पण मी भाजीकडे वळले.

सून जवळच उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "आई, मी गाडीवर घेऊन येऊ का मोठ्या आईंना? पूल ओलांडला की घर. पाच मिनिटांत आणते."

ही पोर आमच्या घरात नवी, तिला आमच्या रीती कोणी शिकवल्या नव्हत्या. तरी जे करायचं ते तिला बरोबर सुचलं होतं. मी गंजातला पळा फिरवत म्हटलं, "काही गरज नाही. पाय आहेत त्यांना."

हळू बोलले असते तरी चाललं असतं. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले, भासऱ्यांना ऐकू जाईल असं. म्हणजे ते घरी जाऊन सांगतील. शाळेतल्या बायका एकदम संत्र्यांविषयी बोलायला लागल्या. सुनेनं हातातली गाडीची किल्ली परत माझ्या मुलाकडे दिली.

पंगत बसली. मी रोडगे पंचानं झटकून, फोडून, तूप ओतत वाढत गेले. सगळे म्हणत होते, असं जेवण वर्षात झालं नाही. भासऱ्यांनी अर्धा रोडगा खाल्ला. हा माणूस माझ्यासमोर एका बैठकीत चार रोडगे खाणारा. मी आग्रह केला तर पानावर आडवा हात धरला आणि म्हणाले, "झालं." आठ वाजायच्या आत उठले. मुलगा त्यांना गाडीवर सोडून आला. डबा द्यायचं माझ्या मनात आलं होतं, पण म्हटलं, हवा असेल तर मागून घेतील.

रात्री सून माझ्याशी बोलली नाही. सकाळी माझा राग ओसरला होता. राग कसला, नुसती राख. शिळी भाजी आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते. ती गरम केली, सहा रोडगे निवडून घेतले, डबा भरला आणि पूल ओलांडून निघाले. काय बोलायचं ते वाटेत घोकत होते. नऊ वाजले होते. दाराला कुलूप होतं.

भिंतीला भिंत लागून राहणारी म्हातारी तिच्या दारात बसली होती. ती म्हणाली, "सातलेच गेले ना. लवकर याचं होतं, मास्तरीनबाई." मग डब्याकडे बघून म्हणाली, "काल सांजेले तिनं चूलच नाही पेटवली. मी म्हटलं, दोन भाकरी टाकून देऊ का, तं म्हने नको, लहानीकडं चूलबंद हाय."

मी म्हटलं, "चूलबंद? कोणी सांगितलं?"

"बुढ्यानं सांगतलं. ती आयकून राहिली होती फोन, तिले वाटे तू काही येगळंच बोल्ली. बुढा म्हने, नाही, तुले अर्धंच आयकू आलं, लहानीनं चूलबंद सांगतलं, माफीबी मांगतली. मंग खूश झाली. ठेवनीतलं हिरवं लुगडं नेसली, पेटीत भरेल काढून. बुढा म्हने चाल माह्यासंग, तं म्हने, तुमी व्हा पुढं, मले बलावू येइन कोनी."

"मग?"

"मंग काय. अंधार पडला तरी ओट्यावर बसून होती. बुढा आला, दोघं अंदर गेले. काय बोलले ते नाही आयकू आलं मले. सकाळी नुसता चाय पिऊन गाडीत बसली."

म्हणजे भासरे माझ्या बागेत जेवायला आलेच नव्हते. खोटं बोलून बायकोला तयार करून, आता ही तरी कोणाला तरी पाठवेल, या भरवशावर ते माझ्या तोंडाकडे बघत उभे होते. आणि मी काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं. घरी गेल्यावर त्यांना सगळं खरं सांगावं लागलं असणार, कारण बलावायला कोणी का आलं नाही, हाच प्रश्न तिनं पहिला विचारला असेल.

डबा मी म्हातारीला दिला. येताना पुलावर थांबले नाही, रडलेही नाही, इतकी मला स्वतःची चीड आली होती. थोडी तिचीही आली. चार पावलं चालत आली असती तर काय झिजली असती? पण ती चार पावलं माझ्या बाजूनंही तेवढीच होती, आणि माझे गुडघे धड आहेत.

दुपारी साडेचारला मी जबलपूरला फोन लावला. भासऱ्यांनीच उचलला. "पोचलो. सुखरूप," म्हणाले. मी म्हटलं, "भाऊजी, बाईंना द्या." त्यांनी फोन बाजूला धरला. "लहानी हाय," असं ते म्हणालेले मला ऐकू आलं. मग तिचा आवाज आला, दोन वर्षांनी पहिल्यांदा, अगदी स्वच्छ.

"सांगा तिले, मी जेवून राहिली म्हना."

साडेचारला कोणी जेवत नाही. भासरे फोनवर आले आणि म्हणाले, "जेवून राहिली म्हनते." या वेळी त्यांनी निरोपात काही बदल केला नाही.